तालुक्याचे दुसरे चिटणीस

परत आल्यापासून जो तो विचारतोय, नायगारा पाहिलात का. नाही पाहिला. समीरने, म्हणजे माझ्या मुलाने, तिकिटं काढली होती. पण नेमकं तेव्हाच मला शिकागोला जावं लागलं आणि तिथे एका शब्दापायी मी आठवडाभर अडकले. नायगारा टीव्हीवर कितीदा तरी दाखवतात. हा शब्द कुणी दाखवणार नाही, तेव्हा त्याच्याबद्दलच लिहिते.

मी पुण्यात कॉलेजात रशियन शिकवायचे आणि फावल्या वेळात भाषांतरं करायचे. हुद्द्यांच्या बाबतीत मी खडूस आहे, हे माझे विद्यार्थी सांगतील. सोव्हिएत काळातला कुणीही पुढारी असो, आपली वर्तमानपत्रं त्याला सरसकट 'पंतप्रधान' नाहीतर 'राष्ट्राध्यक्ष' करून मोकळी होत. त्या देशात अगदी शेवटच्या वर्षापर्यंत पंतप्रधान नावाचा हुद्दाच नव्हता. मंत्रिपरिषदेचा अध्यक्ष असायचा, आणि त्याच्यापेक्षाही वजनदार असायचा पक्षाचा सरचिटणीस. एखाद्या मुलाने सरचिटणीसाला 'मुख्य सचिव' लिहिलं की मी त्याला अख्खं पान पुन्हा लिहायला लावायचे. मुख्य सचिव मंत्रालयात बसतो आणि सरकार बदललं तरी त्याची नोकरी जात नाही. पक्षाच्या चिटणीसाचं तसं नसतं. एवढा फरक कळत नसेल तर भाषांतर कशाला करायचं?

२००६ साली निवृत्त झाले आणि दसऱ्याच्या सुमाराला अमेरिकेला गेले.

अल्फारेटा

अटलांटाच्या बाहेरचं हे उपनगर. समीरच्या वसाहतीतली सगळी घरं एकाच साच्यातली, त्यामुळे पहिल्या आठवड्यात मी शेजाऱ्यांचं दार आपलं समजून दोनदा वाजवलं. दुसऱ्यांदा त्या घरच्या बाईंनी मला आत बोलावून कॉफी पाजली आणि घरापर्यंत सोडायला आल्या. संध्याकाळी पायी निघालं की गाड्या थांबवून लोक विचारत, काही मदत हवी आहे का. पायी चालणाऱ्या माणसाचं काहीतरी बिनसलेलं असणार, असा तिथला समज आहे. आपल्याकडे चालणाऱ्याला कुणी थांबून विचारत नाही, फार तर हॉर्न मारतात.

एकदा माझी नात ईरा शाळेतून आली ती थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"आजी, इज इट ट्रू? शिकागोच्या गालाआजीचे डॅड गव्हर्नर होते? आय टोल्ड माय होल क्लास."

मी म्हटलं, "कुणी सांगितलं तुला?"

"एव्हरीबडी नोज," ती म्हणाली आणि फ्रिज उघडून बसली.

ही गालाआजी म्हणजे माझी वहिनी, गालिना. माझा आतेभाऊ वसंतदादा साठच्या दशकात पोलाद कारखान्याचं शिक्षण घ्यायला सोव्हिएत युनियनमध्ये गेला आणि तिथे तिच्याशी लग्न करून बसला. आत्याला त्याने पत्राने कळवलं तेव्हा मी शाळेत होते आणि सुट्टीला साताऱ्याला आत्याकडेच गेले होते. आत्याने दोन दिवस चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी दादाची तार आली, मुलीचे वडील गव्हर्नर आहेत. त्याबरोबर आत्या उठली, न्हायली आणि गल्लीत पेढे वाटून आली. पुढे वहिनी साताऱ्यात तीन-चार वर्षं राहिली, आत्याच्या हाताखाली पुरणपोळी शिकली, मग ती दोघं अमेरिकेला गेली. पण गव्हर्नर हा शब्द काही तिची पाठ सोडेना. वहिनीला पाहूनच मी रशियन शिकले, आणि पुढे वाचता वाचता मला कळलं की त्या देशात गव्हर्नर क्रांतीबरोबरच संपले होते. मी दादाला तसं एकदा म्हटलं. तो म्हणाला, "इंदू, तू व्याकरण बघ."

ईराच्या चौकशीनंतर दोनच दिवसांनी दादाचा फोन आला. शिकागोच्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात जुन्या जोडप्यांचा सत्कार होता, त्यात ही दोघंही होती.

"तुझ्या वहिनीने अडवून धरलंय," दादा म्हणाला. "म्हणते, माझ्या वडिलांचा हुद्दा बरोबर सांगणार असाल तरच मी स्टेजवर चढेन. नाहीतर एकटेच जा आणि नारळ घेऊन या."

"मग सांग की बरोबर."

"सगळ्यांना इतकी वर्षं जे सांगितलं ते आता पुसू? मला तिथे तोंड दाखवायचंय गं. तू ये. काहीतरी मधला शब्द काढ. तुझा धंदाच आहे तो."

नवरा-बायकोच्या भांडणात पडायचं नाही, नुसता शब्द काढून द्यायचा, असं मी ठरवलं. नायगाराची तिकिटं समीरने कॅन्सल केली.

डेव्हन ॲव्हेन्यू

विमानतळावरून दादाने गाडी थेट डेव्हन ॲव्हेन्यूला घातली, कारण फराळाचं सामान राहिलं होतं. रस्ता लांबच लांब आहे. एका टोकाला आपली दुकानं, साड्या, मिठाई, भाजणी, पोह्यांची पोती. थोडं पुढे गेलं की पाट्यांची लिपी बदलते आणि रशियन दुकानं लागतात. वहिनीचा सगळा बाजार या एकाच रस्त्यावर होतो. अनारशाचं पीठ इकडून आणि काळा पाव तिकडून. गाडी लावायला जागा मिळेना म्हणून दादा आम्हाला उतरवून घिरट्या घालत राहिला.

आपल्या बाजूच्या दुकानात काउंटरवरच्या बाई वहिनीला "या गव्हर्नरकाकू" म्हणाल्या. वहिनीने चकल्यांचा सोऱ्या बदलून घेतला. तिचं मराठी थेट आत्याचं आहे, साताऱ्याचं. फक्त ट, ण आणि ळ तिला कधीच जमले नाहीत. लिंगं मात्र तिची कधी चुकत नाहीत, कारण रशियनमध्येही तीन लिंगं आहेत. त्या दुकानात आलेली पुण्याची पोरं 'तो पुस्तक' म्हणत होती आणि वहिनी त्यांना वळून 'ते' म्हणून सांगत होती.

रशियन दुकानात शिरलो तर खारवलेल्या माशांचा आणि शेपूच्या लोणच्याचा वास. मी काउंटरशी रशियनमध्ये चीज मागितलं. माझं रशियन पुस्तकी, त्यामुळे सगळे कौतुकाने पाहायला लागले. मासे निवडत उभे असलेले एक म्हातारे गृहस्थ वहिनीला म्हणाले, "नमस्कार, गालिना स्तेपानोव्हना." मागून एक बाई म्हणाल्या, "गालिना स्तेपानोव्हना, तब्येत कशी आहे?" त्या दुकानात तिला सगळे त्याच नावाने हाक मारत होते. स्तेपानोव्हना म्हणजे स्तेपानची मुलगी. त्यांच्यात बाईच्या नावामागे बापाचं नाव जन्मभर राहतं, लग्नाने ते जात नाही. आपल्यात लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून नवं नाव लिहितात आणि बापाचं नाव तिथेच मिटतं. साताऱ्यात तिचं गालिना वसंत झालं. अमेरिकेत आल्यावर त्या वसंतचाही नुसता व्ही उरला.

बाहेर आलो तर दादा हजर, पण गाडी नाही. जागा मिळाल्याच्या आनंदात कोणत्या गल्लीत लावली हेच तो विसरला होता. पिशव्या घेऊन आम्ही गल्ल्या धुंडाळत राहिलो. एका बाकावर टेकल्यावर मी वहिनीला विचारलं, "वडील नक्की कोण होते?"

"रायकोमचे दुसरे सेक्रेतार," ती म्हणाली. "व्तारोय. दुसरे."

तेवढ्यात दादा समोरच्या गल्लीतून ओरडला की गाडी सापडली.

दादाचं स्वयंपाकघर

दुसऱ्या दिवशी केतकी आली. मंडळाचं सूत्रसंचालन तिच्याकडे होतं. मूळची नागपूरची, शिकागोत एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. हातात लॅपटॉप आणि तोंडात शंकरपाळा.

"मावशी, मला फक्त दोन लाइनी द्या," ती म्हणाली. "स्टेजवर टाइम एकदम टाइट आहे. आता मी 'रशियाच्या गव्हर्नरच्या कन्या' असं लिहून ठेवलं आहे. काकू म्हणतात डिलीट कर."

"डिलीत कर," वहिनी करंज्यांच्या कडा दुमडत म्हणाली.

रायकोम म्हणजे पक्षाची रायोन समिती. रायोन म्हणजे आपला तालुका, थोडा इकडेतिकडे. मी म्हटलं, तालुका पक्ष समितीचे दुसरे सेक्रेटरी.

"तालुका?" दादा वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाला. "गव्हर्नरवरून एकदम तालुका? अगं, लोक काय म्हणतील?"

"आणि सेक्रेटरी नको ना मावशी," केतकी म्हणाली. "आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी टाकीच्या पाण्यावरून भांडून राहतात, तेच डोळ्यासमोर येतात बाप्पा. इकडच्या मुलांना तर सेक्रेटरी म्हणजे ऑफिसात फोन घेणारी बाई वाटते."

"तेच तर," वहिनी म्हणाली. "व्हिसाला तेच केलं यांनी."

दादाने पुन्हा वर्तमानपत्र उचललं. झालं होतं असं की अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीत साहेबाने वहिनीला विचारलं, वडील काय करतात. कम्युनिस्ट पक्षाचं नाव निघालं तर सगळंच मुसळ केरात जाईल म्हणून दादा मध्येच म्हणाला, सेक्रेटरी होते, ऑफिसात टायपिंग वगैरे. साहेबाने मान हलवली आणि शिक्का मारला. साताऱ्यात गव्हर्नर झालेला माणूस मुंबईच्या वकिलातीत टायपिस्ट झाला, आणि दोन्ही वेळा त्याला कुणी विचारलं नाही.

मी एकेक शब्द काढत गेले. सचिव नको, सचिव सरकारी असतो. केतकीने सुचवलं, डेप्युटी. तेही नको, त्यांच्याकडे डेप्युटी म्हणजे निवडून आलेला प्रतिनिधी. उपसचिव तर अजिबात नको, दुसरा म्हणजे पहिल्याचा मदतनीस नव्हे, त्याच्याकडची कामं वेगळी असतात. शेवटी आपल्या पक्षांमधला जुना शब्द उरला, चिटणीस. तालुका पक्ष समितीचे दुसरे चिटणीस. मला तो पटला. इतकी वर्षं मी तोच शिकवला होता.

"मग पहिलेच म्हणूया की," दादा म्हणाला. "पहिले चिटणीस. निदान कानाला बरं वाटेल. काय फरक पडतो?"

वहिनीने करंजी ताटात ठेवली आणि हात पुसले. मग ती जे बोलली ते मी थोडक्यात सांगते, कारण ती स्वतःही थोडक्यातच बोलली.

त्यांच्या तालुक्यात एका वर्षी पीक बुडालं होतं, पण वर कळवताना भरघोस आलं असं कळवलं गेलं. कागदावर पहिल्याची सही होती आणि दुसऱ्याचीही. चौकशी आली तेव्हा पहिल्याला प्रांताच्या कचेरीत बदली मिळाली, म्हणजे बढतीच. दुसऱ्याचं पक्षाचं कार्ड काढून घेतलं. स्तेपान इल्यिच, म्हणजे वहिनीचे वडील, पुढे मरेपर्यंत वीटभट्टीच्या गोदामावर कामाला होते. आधी रस्त्यात लोक त्यांना 'कॉम्रेड सेक्रेटरी' म्हणून थांबवत, नंतर रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागले.

"वडील चांगले होते, असं मी म्हनत नाही," वहिनी म्हणाली. "सही केली होती त्यांनी. पण पहिले कुनी दुसरेच होते, बढती घेऊन सुतलेले. तुम्ही माझ्या वडिलांना पहिले म्हनालात, तर त्या माणसाची मुलगी होते मी. ते मला चालनार नाही, वन्सं."

साताऱ्याच्या जुन्या रीतीप्रमाणे ती मला अजून वन्सं म्हणते. केतकी टाइप करायची थांबली होती, ती हळूच म्हणाली, "काकू, मी अगदी शब्दाला शब्द वाचीन." हुद्दे मी आयुष्यभर तपासले, पण एखाद्या हुद्द्यासाठी कुणाचा जीव तुटताना पाहिला नव्हता.

सभागृह

कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता. भाड्याने घेतलेलं, बाहेर बास्केटबॉलच्या ढाली, आत तोरणं. जेवणाच्या रांगेत बटाटेवडे, मसालेभात आणि मुलांसाठी वेगळा पिझ्झा. आपल्याकडे सत्कार आधी आणि जेवण नंतर असतं, तिथे उलटं, कारण लोकांना लांबून गाडी चालवून यायचं असतं आणि भुकेली मुलं कुणाला बोलू देत नाहीत. त्यामुळे सत्काराला अर्धं सभागृह पेंगुळलेलं होतं. वहिनी नारायणपेठी नेसली होती.

त्यांचं नाव पुकारल्यावर दोघं स्टेजवर गेली. मी बाजूलाच उभी होते. केतकीने वाचायला सुरुवात केली.

"आपल्या सगळ्यांच्या लाडक्या गालाकाकू, म्हणजे गालिना स्तेपानोव्हना. त्यांचे वडील स्तेपान इल्यिच हे रशियात पक्षाचे चिटणीस होते."

तालुका गेला होता आणि दुसरेही गेलं होतं. मी केतकीकडे पाहिलं, तर ती कागदात डोकं घालून पुढे वाचायच्या तयारीत. नंतर तिनेच सांगितलं, आदल्या दिवशी दादाचा फोन आला होता, तेवढं गाळ म्हणून. वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे तिला कळलं नाही.

"दुसरे," वहिनी म्हणाली.

माइक लांब होता तरी पहिल्या काही रांगांना ते ऐकू गेलं. केतकी थांबली.

पहिल्या रांगेत मालतीकाकू बसल्या होत्या. निवृत्त डॉक्टर, मंडळ स्थापन करणाऱ्यांपैकी, ऐकायला जरा कमी येतं म्हणून मोठ्याने बोलतात. "दुसरे म्हणजे?" त्यांनी विचारलं. "आमच्या ठाण्याच्या चिटणीसांपैकी नव्हेत का?"

सभागृह जागं झालं. हशा पिकला तो थांबेना. कुणीतरी मागून म्हणालं, बडोद्याचेही चिटणीस आहेत. मी कपाळाला हात लावला. इतके शब्द पारखून घेतले आणि हे आडनावही असतं हेच माझ्या ध्यानात आलं नव्हतं. वहिनीला हशाचं कारण कळेना. तिचा चेहरा उतरला आणि ती पायऱ्यांकडे वळली.

तेव्हा दादाने केतकीच्या हातातून माइक घेतला.

"चिटणीस हे आडनाव नव्हे," तो म्हणाला. "हुद्दा आहे. माझे सासरे एका तालुक्यात पक्षाचे दुसरे चिटणीस होते. गव्हर्नर नव्हते. आईच्या भीतीने मी त्यांना गव्हर्नर केलं. मग व्हिसाच्या भीतीने टायपिस्ट केलं. तुम्हा सगळ्यांना मी इतकी वर्षं खोटं सांगितलं. ते दुसरे होते. तालुक्याचे."

एवढं बोलून त्याने माइक परत दिला. हसणं केव्हाच थांबलं होतं. टाळ्या कुणी सुरू केल्या ते दिसलं नाही, फार जोरात नव्हत्या, पण बराच वेळ वाजल्या. वहिनी पायरीवरून परत आली आणि दादाच्या शेजारी उभी राहिली. त्याच्या खांद्यावरची शाल घसरली होती, ती तिने सारखी केली.

मग ओटी भरायला मालतीकाकूंना वर बोलावलं. गुडघ्यांमुळे त्यांना पायऱ्या चढायला वेळ लागला. वहिनीने पदर पुढे केला, काकूंनी त्यात तांदूळ, खण, नारळ घातला आणि कुंकू लावता लावता आपुलकीने विचारलं, "माहेरच्या चिटणीस ना तुम्ही? दुसऱ्या?"

"हो," वहिनी म्हणाली. "दुसऱ्या चितनीस."

मी पुढे सरसावले. आडनाव काय, हुद्दा काय, काकूंना नीट समजावून सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. वहिनीने एका हाताने पदर सांभाळत दुसऱ्या हाताने माझा दंड धरला.

"राहू द्या, वन्सं," ती म्हणाली. "गव्हर्नरच्या मुलीला माहेर कुनी विचारलंच नव्हतं."